उजव्या दंडाची खाज

लाइल प्रुइटने उजवा दंड खाजवला आणि नेमका अंपायरने तो पाहिला.

प्रुइट बेसबॉल संघाचा मॅनेजर. दमलेल्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातून चेंडू काढून घ्यायला तो मैदानाच्या मधोमध आला होता. त्याने डाव्या दंडाला हात लावला की कुंपणामागून डावखुरा राखीव पिचर यायचा, उजव्याला लावला की उजवा. खूण एकदा झाली की झाली, ती मागे घेता येत नाही. प्रुइटला हवा होता डावखुरा एबरसोल. पण परवा सुट्टीच्या दिवशी त्याने घरामागची विषारी वेल उपटली होती आणि तेव्हापासून उजवा दंड त्याला सुखाने जगू देत नव्हता.

कुंपणामागे उजवा पिचर टोबिन वोंड्रा चेंडू हातात धरून तसाच थिजला. एबरसोलच्या शेजारी त्याला हात गरम करायला उभं केलं होतं ते निव्वळ समोरच्या संघाला चकवायला. मोठ्या लीगमध्ये येऊन त्याला अकरा दिवस झाले होते आणि अकरा दिवसांत त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. उद्या जखमी कार्व्हर परतणार, म्हणजे कुणीतरी खालच्या लीगमध्ये जाणार, आणि ते कोण, हे सगळ्या संघाला ठाऊक होतं. नेब्रास्कातल्या त्याच्या कॉलेजात मैदानाचं गवतसुद्धा खेळाडूच कापायचे. तिथून निघून सात वर्षं खालच्या लीगच्या बसमधून हाडं खिळखिळी करून घेतली, ती काय इथे बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायला?

"जा की," एबरसोल हळूच म्हणाला. "म्हाताऱ्याच्या लक्षात यायच्या आत पळ."

टोबिन पळाला. कुंपणाचं दार बाहेर उघडतं हे त्याला माहीत नव्हतं, त्याने ते दोनदा आत ओढलं. अडतीस हजार लोक मनापासून हसले. तो मैदानाच्या मध्यावर पोचला तोवर प्रुइटचं अंपायरशी भांडून झालं होतं आणि अंपायर काही ऐकून घ्यायला तयार नव्हता.

"मला एबरसोल हवा होता," प्रुइट म्हणाला.

"कळलं, स्किप. पण तुम्ही उजवा दंड दाखवलात." सगळा संघ मॅनेजरला स्किपच म्हणे.

"दाखवला नाही. खाजवला."

नऊपैकी आठवी इनिंग, आघाडी जेमतेम एका धावेची, इनिंग संपायला लागणाऱ्या तिघांपैकी समोरचा एकच गडी बाद झालेला आणि दोन बेसवर त्यांचे दोघे पळायच्या तयारीत. आलेल्या पिचरने इनिंग संपवायची, नाहीतर निदान तीन बॅटरना चेंडू टाकायचेच, असा नियम होता. प्रुइटने चेंडू त्याच्या हातावर आदळला. देव तुझं भलं करो आणि जमलं तर माझंही, असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला.

टोबिनचा पहिला चेंडू बॅटरच्या पुढ्यात मातीत आपटला, कॅचरने अंगावर घेऊन कसाबसा अडवला. दुसरा बाहेर, तिसरा बाहेर, चौथाही. चार चेंडू चुकले, म्हणून बॅटर फुकटात बेसवर जाऊन उभा राहिला. आता तिन्ही बेस भरले आणि लोकांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली.

आणि तेव्हाच टोबिनला एकदम हलकं वाटलं. टाकला की आपण चेंडू. एक नाही, चार टाकले. चारही रद्दड, पण मोठ्या लीगमध्ये टाकलेले, आणि आता ते कुणाच्या बापाला पुसता येणार नव्हते. त्याला चक्क हसू आलं. कॅचरला वाटलं, पोरगं खचलं.

पुढचा बॅटर तीनदा बॅट फिरवून तिन्ही वेळा हुकला, बाद झाला आणि आपल्याच बॅटकडे बघत परत गेला. त्याच्यानंतरच्या धिप्पाड गड्याने चेंडू असा उंच टोलावला, की प्रुइटने बाकावर बसल्या जागी डोळे मिटून घेतले. त्याने डोळे उघडले तेव्हा चेंडू कुंपणाला पाठ टेकलेल्या त्यांच्याच गड्याच्या हातमोज्यात होता आणि टोबिन मैदानाबाहेर येत होता, लहान मुलासारखा उड्या मारत.

आघाडी शेवटपर्यंत टिकली. सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत पत्रकारांनी प्रुइटला गराडा घातला. डावखुरा येणार असं सगळं जग धरून चाललेलं असताना हे धाडस सुचलं कसं, असं त्यांना विचारायचं होतं. प्रुइटने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की या पोराला त्याने अकरा दिवस मुद्दाम झाकून ठेवलं होतं, अशाच एखाद्या क्षणासाठी. मग पत्रकार टोबिनकडे वळले. मैदानात चेंडू देताना मॅनेजर काय म्हणाले?

टोबिनने प्रुइटकडे पाहिलं. प्रुइट छताकडे पाहत होता.

"म्हणाले, तुझीच वाट बघत होतो."

खोली रिकामी झाल्यावर प्रुइट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. पत्रकारांसमोर तासभर आवरून धरलेला दंड त्याने आधी मनसोक्त खाजवून घेतला.

"बॅग भरून ठेवली असशील ना?"

"सकाळीच, स्किप."

"उपस ती. अकरा दिवस झाकून ठेवलेलं पोरगं बाराव्या दिवशी परत पाठवलं, तर लोक म्हणतील, या म्हाताऱ्याला बेसबॉलमधलं काही कळत नाही."