तेलाची रेघ

भिसे खिंडीचा चढ निम्मा सरला आणि जीपच्या इंजिनातल्या तेलाचा काटा एकदम खाली घसरला. नाथाने गाडी कडेला घेतली, स्टॉपर ओढून इंजिन बंद केलं आणि मागे वळून पाहिलं.

मागच्या बाकावर त्याची बायको वनिता आडवी झाली होती. तिचं डोकं नाथाच्या आईच्या, सीताबाईच्या मांडीवर होतं. पोटातलं बाळ आडवं आलं होतं. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी तपासून सांगितलं होतं, ऑपरेशन लागेल, करणारे डॉक्टर आज रोह्याला आहेत, वेळ लावू नका.

"काय झालं रं?" सीताबाईने विचारलं.

"काय नाय आये. तेल बघतो."

बॉनेट उघडलं तर पुढची सगळी जाळी काळ्या तेलाने माखलेली. इंजिनाचं तेल गार करणारा ऑइल कूलर गळत होता. नाथा धरमतरच्या बंदरावर डंपर चालवायचा. तेलाविना गाडी रेटली तर इंजिन जागच्या जागी जाम होईल, हे त्याला कळत होतं. पण करायचं काय, ते सुचत नव्हतं. हाताशी साधा पानासुद्धा नव्हता. एका ट्रकला त्याने हात केला. तो थांबला नाही.

मग नागोठण्याच्या बाजूने एक मोटारसायकल आली आणि थेट जीपच्या मागे येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीचा एक माणूस उतरला. उन्हाने त्याचा चेहरा लाल झाला होता. तो तरातरा चालत नाथासमोर आला, काही बोलणार इतक्यात जीपमध्ये वनिता कण्हली. तो तिथेच थांबला.

"दादा," नाथा म्हणाला, "बायको अडलीय. रोह्याला न्यायचीय. गाडीनं तेल टाकलं."

माणूस वनिताकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "गाडी कुणाची?"

"शेठची."

"देवमाणूस हाय तो," आतून सीताबाई म्हणाली. "पोरानं जाऊन नुसतं सांगितलं, आन् त्यानं गाडी काढून दिली. आजकाल कोण देतो?"

"नाय देत कोण," तो माणूस म्हणाला. नाथाने मान खाली घातली.

तो मोटारसायकलीकडे गेला आणि एक जड पिशवी घेऊन परत आला. "मी हिरामण. वडखळपासून रस्त्यावर तेलाची रेघ दिसत होती. तिच्या मागं मागं आलो. म्हटलं, ही गाडी फार लांब जायची नाय."

पिशवीतून पाने निघाले, क्लिपा निघाल्या, तेलाचा डबा निघाला. एक कोरा करकरीत रबरी पाईपही निघाला. असा पाईप घेऊन कोण फिरतं, याचं नाथाला नवल वाटलं. आपलं नशीब म्हणायचं, असं मनाशी म्हणून तो हिरामणशेजारी वाकला.

"नुसता पाईप गळत असता तर बदलला असता," हिरामण म्हणाला. "पर कूलरच फुटलाय. आता त्याला मधनं काढूनच टाकू. इंजिनातनं निघालेलं तेल ह्या पाईपनं परत इंजिनात. कूलरकडं जायचंच नाय."

इंजिन भट्टीसारखं तापलं होतं. ते निवायला वेळ नव्हता. हिरामणने चिंधी गुंडाळून आत हात घातला. उकळतं तेल मनगटावरून ओघळलं, तेव्हा त्याने फक्त ओठ दाबले. आवळता आवळता तो मागे वनिताला म्हणत होता, "ताई, जरासा दम धर गो. झालंच बघ." नाथाने आयुष्यात बरेच मिस्त्री पाहिले होते. दुसऱ्याच्या गाडीसाठी असा हात भाजून घेणारा पाहिला नव्हता.

तेल ओतून झालं. "आता हे गार व्हायचं नाय," हिरामण म्हणाला. "चढाला रेटू नको. काट्यावर नजर ठेव. मी मागून येतो, गळलं तर हॉर्न देतो."

नाथा स्टिअरिंगवर बसला, पण घुटमळला. हिरामण हात पुसत रस्त्याच्या कडेला गेला आणि दरीकडे तोंड करून उभा राहिला. इंजिन सुरू झाल्यावरच वळला.

रोहा येईपर्यंत मोटारसायकल आरशातून हलली नाही. हॉर्न एकदाही वाजला नाही. दवाखान्यात स्ट्रेचरचं एक टोक नाथाने धरलं, दुसरं हिरामणने.

दुपार कलल्यावर मुलगी झाली. आई सुखरूप होती. सीताबाई बाहेर आली, तिने हिरामणच्या हातावर साखर ठेवली. "तुमचं आन् त्या शेठचं, दोघांचं उपकार हायत."

"पोचतील शेठला," हिरामण म्हणाला आणि साखर तोंडात टाकली.

ती आत गेल्यावर नाथा त्याच्यासमोर उभा राहिला. त्या माणसाच्या पाया पडावंसं त्याला वाटत होतं.

"मोटारसायकल येते?" हिरामणने विचारलं.

"व्हय."

"मग ही ठेव. बायको दवाखान्यात हाय तवर धावपळ व्हईल तुझी. नंतर पेणला आणून दे. स्टँडवर माझं नाव कुणालाही विचार." त्याने मोटारसायकलची चावी नाथाच्या हातात दिली.

"आन् तुम्ही कसे जाल?"

हिरामण जीपमध्ये चढला. स्टिअरिंगखाली नाथाने उघड्या करून एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी त्याने सोडवल्या आणि नीट आत सारल्या. मग शर्टाच्या खिशातून दुसरी चावी काढून लावली.

"मी माझी गाडी घेऊन जातो," तो म्हणाला.