तीन खाचा

"कपाटाला कुलूप कशाला गं? गोगलगाय काय पळून जाणार आहे?" सरांनी दारातूनच विचारलं.

ती कसनुसं हसली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

संग्रहालयात सर तिचे वरिष्ठ. प्राचीन समुद्राच्या तळातून जिथे मिथेन वायू झिरपायचा, तिथल्या शंखशिंपल्यांच्या जीवाश्मांवर त्यांनी हयात घालवली होती. पण नवी जात एकही त्यांच्या नावावर नव्हती. तिला मात्र आल्या आल्या चुनखडीच्या एका ढेकळात नखाएवढी गोगलगाय मिळाली. शंखाच्या तोंडाशी, आतल्या बाजूने, तीन खाचा. अशा खाचा आजवर कुणी पाहिल्या नव्हत्या.

लेख पाठवून झाला होता. नोकरी कायम होणं त्यावरच अडलं होतं. पण संपादकांनी कळवलं, एका शंखावर नवी जात मानता येणार नाही. दुसरा नमुना दाखवा.

"मला एकदा बघू तरी दे," सर म्हणत.

"फोटो दिलेत ना, सर."

"फोटोत काय दिसतंय, कपाळ!"

तिने घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, कौतुक वाटत असेल त्यांना."

"तू ओळखत नाहीस त्यांना. त्यांचा डोळा आहे माझ्या शंखावर."

एके दिवशी ती जेवून आली तर कपाट उघडं. शंख सरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली.

"किल्ली कुठून मिळाली, सर?"

"ऑफिसात दुसरी असते." त्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ ते बघत राहिले. मग शंख अलगद तिच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "सुंदर आहे." बस्स, एवढंच.

त्यानंतर सरांच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. ती आत डोकावली की ते टेबलावर रुमाल टाकत. हे आपल्या आधी काहीतरी छापून मोकळे होणार, अशी तिची खात्री झाली.

मग एका दुपारी त्यांनीच हाक मारली. "ये. दार लाव."

टेबलावर रुमाल होता. त्यांनी तो उचलला. खाली नखाएवढा एक शंख.

"माझ्या जुन्या खोक्यात पडून होता," सर म्हणाले. "झाला ना तुझा दुसरा नमुना? लेखात माझं नाव घाल म्हणजे झालं. तुझ्या मागे चालेल."

तिला स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या भल्या माणसावर आपण नाही नाही ते संशय घेतले! डोळे पुसून ती सूक्ष्मदर्शकावर वाकली.

तीन खाचा. तीच जागा, तोच उतार. फक्त खाचांच्या तळाशी सुईचे ताजे ओरखडे पांढरेफटक चमकत होते.

सुई चालवून झाल्यावर ओरखडे जुने दिसावेत म्हणून चहाचं पाणी लावायचं असतं, हे सरांना सुचलं नव्हतं. तिला पहिल्या शंखाच्या वेळीच सुचलं होतं.