माईंनी लावलेला छडा

“निघताना याच्या जेवणात काहीतरी घालून गेली तुमची लेक,” माई म्हणाल्या. “एरवी धडधाकट मुलगा असा आडवा होत नाही.”

केसरीनाथ अकलोलीहून जावयाला बघायला आले होते. खांद्यावर घरच्या तांदळाची गोणी. माईंनी त्यांना आत बोलावलं नाही, गोणीलाही नाही.

“आमची जानकी तशी न्हाय, विहीणबाय.”

“तशी असलेली सांगून येते का?”

आत श्रीनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. लग्न त्यानं स्वतः ठरवलं आणि वडप्याला वेगळं बिऱ्हाड थाटलं. तिथे दोन्ही वेळा अकलोलीच्या तांदळाचा भात असे. जानकी बाळंतपणाला माहेरी गेली, तसा तो आईकडे भिवंडीत आला. आला आणि जुलाबांनी खंगला. माईंनी काय करायचं ठेवलं होतं? तूप लावून पोळी, दुधात कुस्करून पोळी, रात्री शिरा. अंगी काही लागेना.

तसा तो लहानपणीही किरकोळच. तेव्हा शेजारच्या आक्काची नजर होती. माई तिच्याशी अजून बोलत नाहीत.

“बारसं जालं का पोरीला धाडू?” केसरीनाथांनी विचारलं.

“ती आणि तिची मुलगी हा उंबरा ओलांडणार नाहीत. आधी याच्या पोटात काय घातलंय ते निघू दे. मी छडा लावणार.”

माई बोलल्या ते करतात. सत्त्याऐंशी साली भिवंडीत तसली तपासणी होत नव्हती. त्यांनी श्रीनाथला मुंबईला नेलं. तिथे घशातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. निकाल भिवंडीचे डॉक्टर माधव सांगणार होते. तो ऐकायला माईंनी केसरीनाथांना मुद्दाम बोलावून घेतलं.

दवाखान्यामागे कापडाचे लूम खटखटत होते. डॉक्टरांना आवाज चढवावा लागला.

“माई, तुमचा संशय अगदीच खोटा नव्हता. याच्या पोटात रोज असं काहीतरी जातंय, जे याला विषासारखं आहे.”

माई केसरीनाथांकडे वळल्या. “ऐकलंत?”



“आजपासून ते बंद,” डॉक्टर म्हणाले. “जन्मभर.”

“बंदच. त्या हातचं पाणीसुद्धा नको आम्हाला.”

“आणि हे हल्लीचं नाही. लहानपणापासून चाललेलं दिसतंय.”

“म्हणजे आक्कासुद्धा,” माई समाधानानं म्हणाल्या. “मी तेव्हाच म्हटलं होतं, ऐकलं नाही कुणी. नावं सांगा डॉक्टर, या माणसासमोर सांगा.”

“याला सीलियाक म्हणतात. आपल्याकडे फारसं कुणी शोधत नाही. याच्या आतड्याला गहू सोसत नाही, माई. घरात पोळ्या कोण करतं?”