फलाटावरचा आशीर्वाद

दर रविवारी चर्चमध्ये शांतवन पाळक सगळ्यांना तोंडभरून आशीर्वाद देत, पण लेकीनं, केझियानं, दुधनी गावच्या, दुसऱ्या धर्मातल्या सोमेशशी रजिस्टर लग्न केल्यापासून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. बायको वारल्यावर घरात बोलायला तीच उरली होती; आता जेवणाआधीची प्रार्थनाही ते मनातच म्हणत. लेक-जावई कायमचे हैदराबादला निघाले, तेव्हा ते सोलापूर स्टेशनवर गेले. केझियानं मान लववली. “पप्पा, डोक्यावर हात ठेवून दोन शब्द बोला की.” त्यांनी शेंगाचटणीची पुडी तिच्या हातात कोंबली आणि गाडी सुटली. रिकाम्या फलाटावर त्यांनी फोन लावला. “देव तुमचं दोघांचं रक्षण करो, लेकरांनो.” पलीकडून गाडीचा खडखडाट आला, मग तिचा आवाज, “ऐकूच येईना. पुन्हा म्हणा की!” तिचं ‘आमेन’ कानावर पडेपर्यंत पाळक मोठ्यानं म्हणतच राहिले.