मॅटाडोरमधला पलंग

शांती नगरच्या बिल्डिंगखाली उभ्या जुन्या मॅटाडोरमध्ये उत्तमराव पलंग बसवून घेत होते. घडीचा पलंग मनोरमाबाईंनी नाकारला, त्याची दांडी पाठीला टोचते. एकावर एक दोन बाकं तर मुळीच नकोत, "वर चढणार कोण, तुम्ही?" शेवटी खाली सामानाचा खण असलेला डबलबेड ठरला.

"काका, टूर किधर की?" सुतारानं विचारलं.

"टूर कायकी! गाडी इधरच रहेगी. संडे को लडके का शादी है, और घर में कमरा एकच."

सुतार बिचारा हळहळला. मनोरमाबाई मात्र नव्या फळीवर ऐसपैस बसून म्हणाल्या, "अहो, लग्नाला तीस वर्षं झाली, आता कुठे आपल्याला वेगळी खोली मिळतेय. दाराला आतून कडी बसवायला सांगा."