आधी मोजायचं नाही

"अहो, आधी मोजताय काय? ही सरळसरळ फसवणूक आहे!"

कर्स्टीचा आवाज चर्चच्या हॉलभर घुमला. सोळा टेबलांवर मांडलेल्या, चिमुकल्या सैनिकांच्या लढायांचे फासे थांबले. चहाच्या पिंपाजवळ बेकन-पाव विकणाऱ्या बाईंचा चिमटा हवेतच राहिला. डेरिक ओल्डरशॉ, निवृत्त पोस्टमन, हातातला पोलादी टेप तसाच धरून उभा राहिला. टेपचं एक टोक त्याच्या तोफेपाशी होतं, दुसरं टॅबीच्या घोडदळापाशी.

टॅबी कर्स्टीची मुलगी. वय अकरा. एरवी तिला दारात सोडून जाणारी कर्स्टी आज पहिल्यांदाच डाव बघायला थांबली होती. आजचा डाव जिंकला तर स्पर्धेसाठी शेफील्डला जाणाऱ्या चौघांच्या संघात तिची जागा पक्की होती. शाळेतल्या कुठल्याच संघात तिला आजवर कुणी घेतलं नव्हतं. आणि पाचच मिनिटांपूर्वी तिच्या घोडदळाचा हल्ला फसला होता. तिनं नजरेनं अंतर जोखलं, हल्ला जाहीर केला आणि मग टेप लावला. अर्धा इंच कमी. शिशाचे सहा घोडेस्वार आता उघड्या माळावर, तोफांच्या तोंडी उभे होते.

नियम कर्स्टीला तोंडपाठ होता. पान एकेचाळीस: आधी जाहीर करा, मग मोजा. सैनिकांचा खोका आणि दोनशे बारा पानांचं नियमपुस्तक जुन्या वस्तूंच्या दुकानात एकत्रच मिळालं होतं. बाप घर सोडून गेल्यापासून टॅबी ताटातून मान वर काढत नसे. हा खोका मात्र तिनं स्वतःहून मागितला. मग कर्स्टीनं कंबर कसली. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम संपवून आली की ती पेन्सिल घेऊन बसायची. कॉलेजात परीक्षेसाठी केला नसेल एवढा अभ्यास तिनं तोफा आणि पिछेहाटीचा केला. रंगीत तक्ते करून फ्रिजवर लावले. आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नजरेचा सराव. किटलीपासून मीठदाणी किती इंच? टॅबी म्हणायची साडेआठ. कर्स्टी म्हणायची दहा. हरेल तिनं भांडी घासायची. बहुतेक कर्स्टीच घासायची.

"आता आधी मोजलेलं चालतं, बाई," डेरिक म्हणाला.

"चालतं? कुणाच्या घरी चालतं? पान एकेचाळीस काढा!" तिनं पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर आपटलं. दोन घोडेस्वार आडवे झाले.

मागून कुणीतरी शीळ घातली. "अरे बापरे, तिसरी आवृत्ती! माझं लग्न व्हायच्या आधीची!"

"म्हणजे तुझे केस होते तेव्हाची," दुसरा म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"सध्या सहावी चालू आहे," डेरिक हळूच म्हणाला. "ती मोजायची बंदी कधीच उठली."

कर्स्टीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. क्षणभर तिला शरम वाटली. पण क्षणभरच.

"म्हणजे तीन महिने माझी मुलगी इथं डोळ्यांवर पट्टी बांधून खेळतेय, आणि तुम्ही सगळे खुशाल टेप ओढत बसलात? एवढे बाप्ये इथं, एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही? अकरा वर्षांची पोर हरताना बघायला मजा येते तुम्हाला?"

डेरिकनं काही बोलायला तोंड उघडलं. टॅबीनं त्याच्याकडे बघून मान किंचित हलवली. त्यानं तोंड मिटलं. कर्स्टीला ते दिसलं. मुलीच्या बाबतीत तिच्या नजरेतून काही सुटत नसे. घाबरलीय बिचारी, तिच्या मनात आलं, आणि ती आणखीच भडकली.

"आणि ते पुस्तकवाले! आज एक नियम, उद्या दुसरा! माणसानं मान मोडून शिकायचं आणि यांनी पानं फाडून टाकायची!"

तोवर पंच मॉरीन शॅकलॉक गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवत येऊन पोचली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पुस्तक उलटून पाहिलं.

"बाईंचा राग बरोबर आहे," ती म्हणाली. "नव्या खेळाडूला चालू नियम सांगणं क्लबाचं काम. पोरीला माहीत नसेल तर हा डाव रद्द. पहिल्यापासून मांडायचा."

डेरिकनं आपल्या तोफा उचलायला सुरुवात केली. कर्स्टीनं टॅबीच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिचं ऐकलं होतं.

"एवढंच सांग, बाळ," मॉरीन म्हणाली. "नवा नियम तुला माहीत नव्हता ना?"

"कसा असणार?" कर्स्टी म्हणाली. "मीच तर शिकवलंय तिला."

टॅबीनं आडवे झालेले दोन घोडेस्वार उभे केले. होते तिथेच, तोफांच्या तोंडी.

"माहीत होता," ती म्हणाली. "पहिल्याच रविवारी डेरिकनी सांगितला. मीच म्हटलं, आईला कळू देऊ नका."

डेरिकनं एकेक तोफ परत जागेवर ठेवली.

"अगं, मग मोजलं का नाहीस?" कर्स्टीचा आवाज फाटला. "घरी नाही तर नाही, निदान इथं तरी! शेफील्ड गेलं ना हातचं!"

"इथं आज तू बघत होतीस." टॅबी फासे गोळा करून डेरिकच्या हातात देत म्हणाली, "आणि आधी मोजता येतं हे तुला कळलं असतं, तर तू रोज किटली आणि मीठदाणी घेऊन माझ्यासमोर कशाला बसली असतीस?"