हलव्याला काटा

"आई, तुम्ही नका, हात भाजेल," म्हणत सूनबाईने शेगडीवरची हलव्याची परात स्वतःपुढे ओढली. तिची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने तिच्याच अंगावर चढायचे. मी बाजूला सरकले.

लिथियमची गोळी माझ्या मेंदूतली रसायनं ताळ्यावर ठेवते आणि हातांना कंप देते. मागे ती बंद केली, तर आठवड्यात अख्ख्या सोसायटीची गोव्याची तिकिटं काढून बसले होते. तरी परवा विहीणबाईंच्या साडीवर चहा सांडला, आणि आज मी गोळी मुद्दाम डबीतच ठेवली.

दोन तासांनी सूनबाई रडकुंडीला आली. "पाक घालतेय, हलवतेय, तरी तीळ गुळगुळीतच! काटा का येत नाही?"

मी परात माझ्याकडे घेतली. चमचाभर पाक सोडला आणि बोटं तिळांवर नुसती टेकवली. ती आपली थरथरत राहिली, तीळ नाचत राहिले, आणि हळूहळू एकेकाला काटा फुटला.

"अय्या! कसं केलंत हो?"

"गोळीची कृपा. जा, आजची डबीतच आहे, आण. आणि तोंडात तूच घाल, माझे हात कामात आहेत."